मळईचं पाणी

तेरेकोंडच्या वरल्या वाडीत पाण्याची पाळी दगडावर ठरायची. भातकापणी उरकली की कार्तिकात एक दिवस गावकार हाक घालायचा आणि घरटी एक माणूस पऱ्यावर, डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर, उतरायचा. ऐनाच्या फांद्यांचे टाळ, पेंढा, चिखल आणि गोटे घालून दिवसभरात पऱ्याला आडवा बांध पडे. मधलं तोंड तेवढं उघडं ठेवत. ऊन कललं की नारळ फुटे, आणि मग एकेका घराने आपला एकेक दगड त्या तोंडात बसवायचा. ज्याचा दगड तोंडात, त्याची पाळी पाटावर. खाली त्याची जमीन किती आणि कुणाच्या नावावर, हे विचारायची रीत नव्हती. पण घरचं माणूस त्या दिवशी बांधावर आलं नाही, तर तो गावकाराचा सख्खा भाऊ असला तरी वर्षभर त्याने पाटाकडे बघून उसासे टाकायचे.

सदूच्या घरचा दगड त्याची बायको गोदा बसवत आली होती. सदू मुंबईला कापडगिरणीत साच्यावर, आणि सासरा आप्पा अर्धांगाने पडवीत पडून. लेक मैना पोटात होती तेव्हाही गोदाने बांधावर चिखल तुडवला होता. "बस गो जरा, बाय," असं बाया म्हणाल्या, पण ती बसली नाही. त्या एका दगडावर घराचं अर्धं पोट होतं.

त्यांची मळई पऱ्याच्या वळणावर होती. आप्पाच्या तरुणपणी एका पुराने तिथे नुसती वाळू आणि गोटे आणून टाकले होते. आप्पाने आणि त्याच्या बायकोने डोंगरावरून पाट्या पाट्या माती वाहून त्यावर चार कुणगे, भाताची लहान खाचरं, उभे केले. जागा सरकारची, खोताची की पऱ्याची, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही आणि नंतरही कुणी काढलं नाही. पाट पोचत नाही अशा कातळाजवळच्या शेतातलं पावसाळी भात माघापर्यंत कसंबसं पुरे. पुढे शिमग्यापासून गणपतीपर्यंत चुलीवर जे चढे, ते मळईतलं वायंगणी भात. ते हिवाळ्यात पाटाच्या पाण्यावरच व्हायचं. पाट चुकला की भात चुकलं.

सदूला यातलं काही ठाऊक नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत तो मुंबईला गेला. शिमग्याला आणि गणपतीला यायचा तो बिस्किटांचे पुडे, टेरिकॉटचा शर्ट आणि चार दिवसांचा रुबाब घेऊन. मळईच्या बांधावर उभा राहून "यंदा भात बरा हाय" म्हणायचा आणि आप्पा "व्हय" म्हणायचा. शेती म्हणजे एवढंच, अशी त्याची समजूत, आणि ती मोडायला कुणाला सवड नव्हती.

मग ब्याऐंशीचा संप आला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत सदूने खोलीवर दिवस काढले आणि शेवटी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तो घरी उतरला. छातीत कापसाचा खोकला होता. हात बायकांपेक्षा मऊ. नांगर धरायला गेला तर बैलांनीच त्याला बांधावर नेऊन उभा केला. वाडीतले लोक कोकणातलेच, टोमणा गिळून ठेवायची त्यांना सवय नाही.

"काय सदूशेट, रजा लांबली वाटतं?"

"साहेबानं बोनस धाडलान का नाय अजून?"

सदू आधी उत्तरं द्यायचा, नंतर हसायचा, नंतर त्या वाटेनेच जाईनासा झाला. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा. गोदा ते बघायची. हातात पैसा नाही याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं, पैसा तसाही पोस्टाने येई आणि वाण्याकडे जाई. पण आपला उंचनिंच नवरा आपल्याच अंगणात चोरासारखा पावलं टाकतो, हे तिला बघवत नव्हतं.

अशात जीप आली. तिच्यातून मोहिते नावाचा साताऱ्याकडचा सरकारी साहाय्यक उतरला आणि त्याच्या मागून एक भला उंच गोरा, नाकाची सालं निघालेला. नाव यान. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड देशातून पाण्याचं शिकवायला आलेला. त्याच्या देशात म्हणे बांध घालून समुद्र मागे सारलाय आणि त्या जागेवर गाई चरतात. मैनाने हे पडवीत येऊन आजोबाला सांगितलं तेव्हा आप्पा वाकड्या तोंडाने हसला.

"दर्याला बांध घालणाऱ्याला आमचा पऱ्या म्हंजे न्हाणीची मोरी," तो म्हणाला.

ठरलं ते असं, की सिमेंट, सळ्या आणि गवंडी यानच्या संस्थेचे, अंगमेहनत वाडीची, आणि पऱ्यावर बांध उभा राहील तो कायमचा. शिमगा झाला आणि काम धरलं. गोदा रेतीची घमेली वाहत होती. डोक्यावरचे केस चुंबळीखाली झडले, मानेची शीर रात्रंदिवस ठणकायची. पण गोरा स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहून बायकांच्या बरोबरीने दगड उचलत होता, उन्हाने त्याची पाठ सोलून निघाली होती, आणि तो कुणावर ओरडत नव्हता. त्यामुळे कुणाला कुरकुरायला तोंडच राहिलं नाही.

आणि सदूचं नशीब उघडलं ते इथेच. गिरणीतली चार इंग्रजी वाक्यं त्याच्यापाशी होती, नट कसा आवळायचा आणि लेव्हल कशी धरायची हे त्याला कळत होतं. मोहिते सावलीला बसलेला असला की गोरा सदूलाच हाक मारी, "मिस्टर सदू!" वाडीने हे ऐकलं. जे त्याला शेट म्हणून चिडवत होते, ते "सदू, साहेब काय बोलतोय रे?" म्हणून त्याच्या मागे फिरू लागले. सदू पुन्हा शर्ट खोचू लागला. रात्री तीन तीन भाकऱ्या खाऊ लागला. गोदाने देवापुढे त्या गोऱ्यासाठी दिवा लावला, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पावसाआधी बांध झाला. पाऊस गेला, गणपती गेले, आणि यानने आणखी एक टूम काढली. इथली शेती बायका करतात, तर शिकवायचं पुरुषांना कशाला? वाडीतून एक बाई दापोलीला शिबिराला हवी. सदूने छाती काढून गोदाचं नाव दिलं.

गोदा आठवडाभर दापोलीला राहून आली. सरी कशी ओढायची, वरंब्याच्या कुठल्या अंगाला रोप लावायचं, मिठाच्या पाण्यात बियाणं टाकून पोचट दाणा कसा वर काढायचा, पाणी एकदम न सोडता मुळाशी कसं मुरवायचं, असं सगळं तिला शिकवलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून ती रात्री गादीवर बोटाने सऱ्या ओढून बघायची. शेजारच्या खाटेवर हेदवीकडची गुणवंती नावाची बाई होती. ती हसायची, "अगो, गादी नांगरशील!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातचं वाढलेलं ताट गोदा बसून जेवत होती. पहिल्या दिवशी तिला घास उतरेना, चौथ्या दिवशी तिने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. एस्टीतून परतताना तिने मनात मळई वाटून टाकली होती. दोन कुणग्यांत भात, दोन कुणग्यांत सऱ्या ओढून वांगी आणि मिरची. मिरची दापोलीच्या बाजारात न्यायची. मैनाला पायात चपला घ्यायच्या.

कार्तिकात बांधाला लाकडी फळ्या बसल्या आणि पाणी तटतटून वर चढलं. इतकं पाणी त्या दिवसांत पऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहाणेवर, गावाच्या बैठकीच्या जागी, वाडी बसली. पाणी कसं वाटायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, असं यानचं म्हणणं. पुरुष पुढे, बाया मागे खांबाच्या आडोशाला. गावकार गंगाराम साऱ्यांच्या मधोमध, अडकित्त्यात सुपारी धरून. त्याने साहेबाला दगडाची रीत सांगितली, मोहितेने ती इंग्रजीत केली. यानने मन लावून ऐकलं आणि विचारलं, की आता तोंड सिमेंटचं झालं, दगड बसवायला जागा नाही, मग पाळी कशी लावणार?

म्हातारा खंडू म्हणाला, "रीत हाय ती ऱ्हावूदे. दगड नाय तर नाय. घरटी एक पाळी."

गंगाराम सुपारी कातरत राहिला. त्याने वरच्या वरकस जमिनीवर नवी हापूसची कलमं लावली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कलमांना पाणी हवं होतं, आणि घरटी पाळीत ते निघण्यासारखं नव्हतं, हेही.

तेव्हा सदू उठला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माणसं म्हणतात ते उगाच नाही. पण त्या क्षणी तो बोलला मात्र झोकात, गिरणीच्या गेटवर पुढारी बोलायचे तसा, एक हात कमरेवर ठेवून.

"ह्यो काय न्याय हाय? ज्याला एक गुंठा त्याचा एक दगड, नि ज्याला दोन एकर त्याचा पण एकच! जुना जमाना गेला आता. सायबांनी पक्का बांध दिलानी, तर नियम पण पक्का पायजे. ज्याची जमीन त्याचं पाणी! सातबारा बगा, जमीन किती ती बगा, नि त्या हिशोबानं पाळी बांधा. कुणावर अन्याय नाय, कुणाची मेहरबानी नाय!"

मोहितेने भाषांतर केलं. यानचा चेहरा खुलला. त्याने टाळी वाजवली आणि त्याच्या मागून पुष्कळांनी वाजवली. गंगारामचा अडकित्ता थांबला होता. त्याने सदूकडे वाटेवर पडलेला नारळ बघावा तसं पाहिलं.

खांबाआड सगुणाने गोदाला कोपर मारलं. ती शेजारची विधवा, हिशेबाला पक्की. "गोदे, तुमची मळई कुणाच्या नावावर हाय गो?"

"गप," गोदा म्हणाली.

"गप काय? बोल ना! तुझ्या घोवानं पाट तोडलान तुमचा!"

तेवढ्यात यानने मागे बघून काही विचारलं आणि मोहिते ओरडला, "बायकांपैकी कुणाला काय सांगायचंय का? ट्रेनिंगला गेलेल्या बाई कुठं आहेत?"

गोदाला उभं राहावं लागलं. सगळी वाडी मान वळवून तिच्याकडे बघत होती. आणि सदू बघत होता. त्याचा चेहरा हसरा होता, अगदी लग्नातल्यासारखा, आपल्या बायकोने आता आपल्याला दुजोरा द्यावा म्हणून वाट बघणारा. मळई आमच्या नावावर नाही, एवढे चार शब्द बोलायचे. पण ते बोलले की वाडी काय करेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. खो खो हसेल. स्वतःचं शेत कुणाचं ते ठाऊक नाही आणि निघाला गावाचा न्याय करायला, असं म्हणेल. गोऱ्यापुढे हसेल. मग हा माणूस पुन्हा अर्ध्या भाकरीवर उठेल, किंवा उठणारच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गंगारामदादाला मागाहून घरी जाऊन सांगता येईल, गावात असं कितीतरी हळूच निस्तरतं, असं तिने मनाला समजावलं.

"बरोबर हाय," गोदा म्हणाली. "ह्यांनी सांगितलानी तसंच ऱ्हावूदे."

ती खाली बसली. हात वर झाले, आणि त्यात पहिला हात गंगारामचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पाला पेज भरवत होती. सदू उंबऱ्यावर बसून कालची सभा पुन्हा एकदा सांगत होता. आप्पाने पेज गिळली नाही. ती त्याच्या तोंडाच्या लुळ्या बाजूने गळ्यावर आली.

"मळईचं काय?" त्याने विचारलं.

"मळईचं काय म्हंजे? आपली जमीन, आपलं पाणी."

"आपली कुणी सांगितलान तुला?"

"आपली नाय तर कुणाची?"

"माती आपली. खालची जागा पऱ्याची. तिला सातबारा खयचा?" आप्पाने चांगल्या हाताने पेजेची वाटी दूर सारली. "दगड व्हता म्हणून पाळी व्हती रे. तुझ्या आवशीनं कमरेचा काटा मोडलान त्या मातीपायी."

सदू उठून उभा राहिला, पुन्हा बसला. मग त्याने गोदाकडे पाहिलं. "तुला म्हायत व्हतं?"

गोदाने आप्पाचा गळा पुसला. "मना काय कळतंय सातबाऱ्यातलं?"

सदूला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

दोघं गंगारामकडे गेली. गोदा मांडवाच्या मेढीशी उभी राहिली, सदू अंगणात. गंगाराम ओट्यावर सुपारी कातरत होता. त्याने सदूला बस म्हटलं नाही, तरी आवाज गोड होता.

"अरे सदू, मना काय तुझं वाईट करायचंय? मी तर तोंडातनं शब्द काढला नव्हता. तूच उभा ऱ्हायलास, तूच बोललास. आता कमिटी झाली, सायबानं वर कळवलान. आज तुझ्यासाठी बदललं तर उद्या आणखी दोघं येतील. सायेब म्हणेल, ह्या लोकांना नियम काय कळत नाय."

"गंगारामदादा, एक वरीस…"

"वरीस कशाला? तुझ्या बाईला माझ्याकडं कामाला धाड. शिकून आयलीय ती. माझ्या वाफ्यांना तिचा हात लागूदे, रोज देईन मी. तुझा पण मान ऱ्हाईल, माझं पण काम व्हईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परतताना सदू पुढे चालत होता आणि मध्येच वाट सोडून करवंदीच्या जाळीकडे तोंड करून खोकत राहिला. गोदाला वाटलं, तो रडतोय. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर त्याला ते कळलं असतं.

तरी त्यांनी मळई लावली. माणूस असा वेडा असतो, की दार बंद दिसलं तरी उंबऱ्यावर बसून राहतो. घरच्या विहिरीवर रोपं तगवली, मार्गशीर्षात ओल होती तोवर लावणी केली. दिवसा गोदा गंगारामच्या वाफ्यात राबायची. दापोलीत शिकलेल्या सगळ्या सऱ्या तिने त्याच्या जमिनीत ओढल्या. त्याची वांगी अशी धरली, की येणारा जाणारा थांबून बघे. घरी येऊन ती आणि सदू पऱ्यात उरलेलं पाणी हंड्यांनी मळईला घालत.

जुना मातीचा बांध गळायचा. त्याच्या खालून, बाजूने सारखी झिरप चाललेली असे, आणि खालचा पऱ्या शिमग्यापर्यंत ओला राही. गोऱ्याचा बांध थेंब गळत नव्हता. काम चोख झालं होतं, त्यात गोदाच्या डोक्यावरची रेती होती. पौषात खालच्या पात्रातले गोटे पांढरे पडले. सदूने डबकं खणलं, त्यात दोन दिवस गढूळ पाणी आलं आणि मग तेही आटलं. मग लांब वरून, घरच्या विहिरीवरून कावड. सदूच्या खांद्याची कातडी सोलवटली, वर शर्ट चिकटला की गोदा तो पाण्याने भिजवून सोडवायची. एवढं करून कावडीचं पाणी कुणग्यात ओतलं, की जमीन ते एका घोटात पिऊन पुन्हा तोंड उघडून बसायची. कडेची रोपं पिवळी पडली. मधली तेवढी हिरवी राहिली, हट्टाने.

माघात भात पोटरीवर आलं, कणीस पात्यांच्या पोटात धरलं. आता एक पाळी मिळाली असती, एकच, तरी मधल्या दोन कुणग्यांत दाणा भरला असता. अशा वेळी सगुणा सांगत आली, की उद्या गोरा साहेब येतोय, बरोबर त्याच्या देशाचे मोठे पाहुणे आहेत, बांध बघायला.

सदू ताटावर बसला होता. त्याने ताट बाजूला सारलं. "मी सांगतंय त्याला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या समोर सांगतंय, की माझं चुकलं. तो माणूस बरा हाय. तो बोलला तर गंगारामाचं काय चालत नाय."

"सांगाल ना नक्की?"

"सांगतंय म्हणलं ना!"

गोदाला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पाहुण्यांना पाणी कसं वापरलं जातं ते दाखवायचं, तर ते गंगारामच्या वाफ्यातच. तिथलीच वांगी लगडलेली. शिकलेली बाई म्हणून गोदाला सरीत उभं केलं. तिने खोऱ्याने पाटाचं तोंड उघडलं, पाणी एका सरीतून दुसरीत वळवलं, मुळाशी मुरवून दाखवलं. पाहुणे माना डोलावत होते, एक बाई फोटो काढत होती. गोदाचे डोळे सदूवर होते. तो गर्दीच्या कडेला, धुतलेला शर्ट घालून उभा होता. सोललेल्या खांद्यातलं पाणी शर्टावर उतरलं होतं.

मग तो पुढे आला. "साहेब," तो म्हणाला.

यानने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मिस्टर सदू!" त्याने सदूचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पाहुण्यांकडे वळून बराच वेळ बोलला. मोहितेने तेवढ्याच उत्साहाने मराठी केलं.

"साहेब सांगतायत, हाच तो माणूस. पाणी कसं वाटायचं ते गावाच्या सभेत ह्यानं सुचवलं, कुणी न सांगता. साहेब जातील तिथं ह्या माणसाची गोष्ट सांगतात. असा एक माणूस प्रत्येक गावात पाहिजे, म्हणतायत."

पाहुणे एकेक करून सदूचा हात हातात घेऊ लागले. वाडी बघत होती. गंगाराम बघत होता, सुपारी गालात धरून. बोला, आता बोला, असं गोदाच्या मनात चाललं होतं.

सदूने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "थँक्यू, सर," तो म्हणाला. "व्हेरी थँक्यू."

माणसं जीपकडे निघाली. गोदा खोरं टाकून चिखलाच्या पायांनी धावली आणि तिने मोहितेला गाठलं.

"सायेब, आमचं शेत खाली हाय. भात करपतंय. आमाला पाळी नाय. गोऱ्या सायबांना एवढं सांगा."

मोहितेने घड्याळात पाहिलं. पाहुण्यांना जेवणाआधी बुरोंडीचा समुद्र दाखवायचा होता. "अहो बाई, तुमचे मालक आत्ता साहेबांच्या हातात हात देऊन उभे होते की. त्यांनी का नाही सांगितलं?"

यानने जीपमधून तिला हात केला. तिनेही केला.

उन्हं उतरल्यावर सदू विळा घेऊन मळईत गेला. भात होत नाही तर निदान गुरांच्या तोंडी वैरण जाईल. गोदा मागून गेली आणि त्याच्या शेजारच्या ओळीत वाकली. पोटरीतलं भात कापताना विळ्याला ओलं, मऊ लागतं. भरलं कणीस कापायचा आवाज वेगळा असतो, आणि तो आवाज गोदाच्या कानाला पाठ होता. सदू मान वर न करता बोलला.

"मैनाच्या आये, मी सकाळच्या गाडीनं मुंबईला जातंय."

"गिरण चालू झाली?"

"नाय."

"मग?"

"बगेन काय तरी. हमाली करीन. हतं तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायली मना."

गोदाने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. इतके महिने तिला राग असा आलाच नव्हता, नुसती कीव येत होती. आता राग आला आणि तो एकदम पायापासून चढला.

"मना म्हायत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"मळई कुणाच्या नावावर नाय ते. लगीन करून आयले तवापासून म्हायत व्हतं. सहाणेवर उभी ऱ्हायले तवा पण म्हायत व्हतं."

सदूचा विळा थांबला. तो तसाच वाकलेला राहिला. "मग बोललीस का नाय?"

"तुमी हसत व्हतात म्हणून. घरी आयल्यापासून असं कवा हसला नव्हतात."

सदू बांधावर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "वाडीसमोर माझी लाज काढली असतीस तर परवडलं असतं गो," तो म्हणाला.

"आज मना पण तसंच वाटतंय. तुमचं तोंड राखायला मी शेत दिलं. आज तुमी तुमचंच तोंड राखलंत, नि उरलंसुरलं पण दिलंत. आता माझ्यापाशी द्यायला काय नाय. तवा मुंबई नाय नि काय नाय. सकाळी गंगारामदादाकडं दोघांनी कामाला जायचं."

"त्याच्याकडं? मी?"

"व्हय. तुमी."

सदूला खोकल्याची उबळ आली. एरवी ती जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवायची. आज ती खाली वाकली आणि आपली ओळ पुरी करून मग त्याची अर्धवट राहिलेली ओळ कापायला लागली.

सकाळी दोघं गेली. वाडीतून जाताना कुणी टोमणा मारला नाही, आणि ते सदूला टोमण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण तो मान खाली घालून चालत होता. गंगारामने दोघांना आलेलं पाहिलं, सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि खोरं सदूपुढे केलं.

"सदू, तू पाटावर उभा ऱ्हा. वांग्यांना पाणी सोड."

सदूने खोरं घेतलं. पाटाच्या तोंडातली माती त्याने एकाच घावाने ओढली आणि बांधाचं गार पाणी त्याच्या पायांवरून उसळून सरीत घुसलं. गोदा पुढे वाफ्यात बसून तण काढत होती. तिने वळून पाहिलं.

"हळू सोडा," ती म्हणाली. "एवढं एकदम सोडलंत तर वरंबा फुटेल."

सदूने मातीचं एक ढेकूळ उचलून तोंडाशी ठेवलं आणि पाणी आवरलं.